दिशाचं वाक्य

टक. स्टीलचा पेला टेबलावर टेकला. म्हणजे ह्यांना आणखी चहा हवा होता. मी पातेलं घेऊन बाहेर गेले, पेल्यात ओतला आणि परत ओट्याशी आले. सकाळपासून आमच्यात झालेलं बोलणं एवढंच.

अबोला दिवाळीच्या आधीपासूनचा. माझ्या भावाच्या, ललितच्या साखरपुड्याला येतो म्हणून मी ह्यांना न विचारता फोनवर कळवून टाकलं, कारण एवढंच. साखरपुडा झाला, लग्नही झालं. हे दोन्हीकडे आले, जेवले, फोटोत माझ्या शेजारी उभे राहिले, आणि इंदिरानगरच्या घराचं कुलूप उघडलं की पुन्हा गप्प. आदळआपट नाही, शिवीगाळ नाही. अंबडहून कंपनीतून येताना दूध आणायला कधी विसरत नाहीत. फक्त माझ्याशी बोलत नाहीत.

सासूबाई मखमलाबादला मळ्यावर राहतात. एकदा त्यांच्यापाशी हा विषय काढला, तर मेथीच्या जुड्या बांधता बांधता म्हणाल्या, "मनाचा लय निर्मळ हाय तो. तेवढं एक सोडलं तर काय नाय बघ." मी म्हटलं, चालायचंच. आणि त्यांच्याबरोबर जुड्या बांधायला बसले. आमची लेक दिशा तिथंच बांधावर खेळत होती.

तर घराचा कारभार दिशाच्या तोंडून चालतो. बाबांना सांग, गॅस संपत आलाय. आईला सांग, उद्यापासून सेकंड शिफ्ट आहे. ती पाचवीत आहे. हॉलमधून स्वयंपाकघरात निरोप आणते तेव्हा आवाजसुद्धा त्यांच्यासारखा जाड काढते. सुरुवातीला आम्हाला हसू यायचं, ह्यांना तिकडे आणि मला इकडे. संक्रांतीला ह्यांनी माझा तिळगूळही तिच्याच हातून पाठवला. मी तो खाल्ला आणि ह्यांचा तिच्याच हातावर ठेवला.

त्या दिवशी शाळेतून आली ती एक शब्द घेऊन. त्यांच्या बाई दर आठवड्याला फळ्यावर एक इंग्रजी शब्द लिहितात. मुलांनी घरातल्या माणसावर त्याचं वाक्य करायचं आणि शनिवारी प्रार्थनेनंतर सगळ्यांपुढे म्हणायचं. या शनिवारी पालकांनाही बोलावलं होतं. शब्द होता फॉइबल.

मी लग्नाआधी बी.ए. केलेलं, पण हा शब्द काही भेटल्याचं आठवेना. शब्दकोशात पाहिलं. किरकोळ दोष, स्वभावातली बारीकशी उणीव. बाईंनी मात्र तिला याहून नीट सांगितलं होतं. चोरीला, लबाडीला हा शब्द चालत नाही. आजोबा डोक्यावर चष्मा ठेवून घरभर चष्मा शोधतात, त्याला चालतो. ज्याच्यावर आपली माया आहे त्याचा दोष, आणि सांगताना आपल्याला थोडं हसू यायला हवं.

"माझं वाक्य झालंय पण," दिशा म्हणाली. हात मागे बांधून, टाचा जुळवून उभी राहिली. "माय फादर्स फॉइबल इज दॅट ही डझन्ट टॉक टू माय मदर."

तव्यावरची पोळी तशीच राहिली. पहिल्यांदा डोळ्यांपुढे आल्या त्या शनिवारी खुर्च्यांवर बसलेल्या बायका, त्यातल्या दोघींचे नवरे ह्यांच्याच कंपनीत. मी तिला दुसरी वाक्यं सुचवू लागले. बाबा पेपर शेवटच्या पानापासून वाचतात, हे सांग. प्लास्टिकची प्रत्येक पिशवी घडी करून गादीखाली ठेवतात, ते सांग. ती म्हणाली, ते तर सगळ्यांचे बाबा करतात.

"हे वाक्य नको, सोनू."

"का? तूच तर आजीला म्हणालीस, चालायचंच."

म्हणाले होते खरी. ह्यांचा अबोला त्या शब्दात बसत नाही असं म्हणावं, तर मग कशात बसतं तेही सांगायला हवं. आणि बसतं म्हणावं, तर पोर ते धरून ठेवणार. उद्या मोठी होऊन कुणाच्या तरी घरी पेल्याचा आवाज ऐकेल, चहा ओतेल, आणि म्हणेल किरकोळ आहे. बायकांचं काय, त्या दोन दिवस बोलतील. मला भीती वाटली ती याची.

दिवसभराचं अंग आंबलेलं. "बाबांना विचार जा," म्हणून गेले. सवयीनं. शब्द तोंडातून सुटले तेव्हा ती पडद्यापलीकडे पोचलीसुद्धा होती.

तिनं वाक्य तिकडे तसंच म्हटलं, खणखणीत. टीव्हीचा आवाज बारीक झाला. मी गॅस बंद केला. खुर्ची सरकली, आणि पडद्याच्या खाली ह्यांचे पाय दिसले, उंबऱ्याच्या अगदी जवळ. मला फार काही नको होतं. नुसतं अगं म्हटलं असतं तरी पुढचं सगळं मी बोलले असते. मीही बोलू शकले असते म्हणा. ओठ हलले माझे, पण ते पाय वळले, आणि टीव्ही पुन्हा मोठा झाला.

दिशा आत आली. या वेळी जाड आवाज काढला नाही.

"बाबा म्हणाले, आईला सांग, दुसरं वाक्य करून दे."

मी तिला जवळ ओढलं. पिठाचे हात तिच्या शाळेच्या फ्रॉकला लागू नयेत म्हणून कोपरांनीच धरलं. ती माझ्या पदराशी चाळा करत राहिली.

"आई," ती म्हणाली, "मी शाळेत असते तेव्हा काही झालं, तर तुम्ही एकमेकांना कसं सांगता?"