चपखल बसलेला प्लग

शनिवारी सकाळी बाउके कॉम्प्युटर काखोटीला मारून गावच्या सभागृहात शिरला, तेव्हाच त्याचं तोंड वाकडं होतं. इथे मोडक्या वस्तू फुकट दुरुस्त करून मिळतात हे त्याला ठाऊक होतं. पण फुकट मिळणाऱ्या गोष्टीत वेळ किती जातो हेही ठाऊक होतं, आणि वेळ तर त्याच्याकडे मुळीच नव्हता.

बाउके शिडं शिवायचा. जुलैच्या शर्यतीत गावाची जुनी लाकडी बोट उतरायची होती आणि यंदा पहिल्यांदाच तिच्या सुकाणूवर त्याची लेक डाउत्सेन उभी राहणार होती. तिला नवं मोठं शीड द्यायचा शब्द बाउकेने दिला होता. हिवाळाभर बसून त्याने त्याचा आराखडा केला, निम्मं कापड कापलं, आणि ऐन वसंतात कॉम्प्युटरने मान टाकली. कापडं कापणारं यंत्र चालायचं ते या एकाच जुनाट डब्यावर. ते यंत्र बनवणारी कंपनी कधीच बुडाली होती, आणि दोघांना जोडणारं कार्ड दुसऱ्या कुठल्याही कॉम्प्युटरात बसत नव्हतं. डबा गेला की शीड गेलं, असा सरळ हिशेब होता.

टेबलापाशी रिक्स्त बसली होती, त्याच्या थोरल्या भावाची बायको. जन्मभर तिने फेरीबोटींवर वायरिंगची कामं केली होती, आणि निवृत्त झाल्यावर घरात नवऱ्याच्या पायात पायात येण्यापेक्षा ती इथे येऊन बसायची. तिने डबा हुंगला.

"पॉवर सप्लाय जळलाय. बाकी शाबूत असावं."

"ते मलाही कळतं, वहिनी. म्हणून तर नवा घेऊनच आलोय." बाउकेने स्नेक शहरातल्या दुकानातून आणलेलं खोकं टेबलावर आपटलं. "जुन्यापेक्षा दमदार आहे. लावा आणि मला मोकळं करा."

"मी नाही लावणार. इथे ज्याची वस्तू, त्याचेच हात. मी नुसती शेजारी बसते."

मग त्याला मुकाट्याने स्क्रू फिरवावे लागले. जुना सप्लाय निघाला तो चांगला लांबुळका, नवा चौकोनी, म्हणजे आत बसायची बातच नव्हती. बाउके कॉम्प्युटरच्या कंपनीच्या नावाने बोटं मोडू लागला. लोकांनी आपलाच सुटा भाग घ्यावा म्हणून मुद्दाम वेडावाकडा बनवतात, आणि पुढे तो भाग बनवणंच बंद करतात, लुच्चे कुठले. रिक्स्त म्हणाली, आकाराचं आपण बघू, पण प्लगला हात लावू नकोस, आधी मला वायरी तपासू दे.

एवढ्यात हिस्केने झांज वाजवली. साडेदहा. हिस्के म्हणजे सभागृहाची कॉफीवाली, वय ऐंशीच्या पुढे आणि हुकमत सरपंचावर. कॉफी म्हटली की सगळ्यांनी हातातलं टाकून पलीकडच्या खोलीत जायचं, प्रत्येकाला एक कप आणि गुलाबी साखरेच्या थराच्या केकची एकच वडी, आणि मग केकच्या डब्याचं झाकण बंद. रिक्स्तसुद्धा निमूटपणे उठली.

"तू पण चल."

"तुम्ही व्हा पुढे. माझं शीड कॉफीने शिवून होत नाही."

हिस्केने जाता जाता त्याच्याकडे असं पाहिलं, की दुसरा कुणी असता तर उठला असता. बाउके उठला नाही. समोरच्या टेबलावरचा रेडिओ बंद पडला, तेव्हा त्याला वाटलं कुणीतरी जाता जाता आवाज बंद केला.

एकटा बसून तो बोटं वाजवू लागला. नव्या सप्लायचा रुंद प्लग त्याच्यासमोर पडला होता, आणि कॉम्प्युटरमधली खाच अगदी तशीच दिसत होती. छिद्रं तितकीच, कोपऱ्यातली खूणही तीच. तपासायचं काय त्यात? आयुष्यभर त्याने कड्या आणि हूक जुळवले होते. जे बसतं ते बसतं. त्याने प्लग दाबला. टक् आवाज झाला आणि तो असा चपखल बसला की बाउकेला बरं वाटलं. भिंतीत वायर लावून त्याने बटण दाबलं.

काही झालं नाही. पुन्हा दाबलं. पंखासुद्धा हलला नाही.

नवाही मेलेलाच दिला की काय? डाउत्सेनचा चेहरा त्याच्या डोळ्यांसमोर आला. लहानपणापासून ती कधी रागावून बोलली नव्हती, नुसती "बरं" म्हणायची, आणि तेच त्याला सोसवत नसे. तो तणतणत पलीकडच्या खोलीत गेला. लोक कप विसळत होते.

"फसवलं मला दुकानदाराने, वहिनी. बटण दाबलं तरी ढिम्म."

रिक्स्तचा कप तोंडापाशीच थांबला. "प्लग लावलास?"

"लावला. छान बसला."

ती त्याच्याकडे बघतच नव्हती. दाराजवळच्या भिंतीशी हिस्के उभी होती आणि तिचा हात मोठ्या खटक्यावर होता.

"हिस्के," रिक्स्त अगदी हळू म्हणाली, "तो खटका वर करू नकोस. हात काढ."

हिस्केने हात काढला. रिक्स्त चालत टेबलापाशी गेली, आणि भिंतीतली वायर उपटली. तिने जुना आणि नवा प्लग शेजारी शेजारी धरले. बाहेरून जुळे भाऊ, पण वायरींचे रंग वेगवेगळ्या जागी. कॉम्प्युटरच्या कंपनीने साचा सगळ्यांसारखा ठेवला होता आणि आतला क्रम मात्र आपलाच.

"वीज असती ना, बाउके, तर तुझ्या बटणासरशी बोर्ड जळला असता. कार्डही गेलं असतं बहुतेक."

"वीज असती म्हणजे?"

"कॉफीच्या वेळी हिस्के सगळ्या टेबलांची वीज तोडते. मागे कुणाची तरी दुरुस्तीला आणलेली विजेची कढई तापत राहिली आणि टेबलक्लॉथ जळला, तेव्हापासून. आम्ही सगळे हसतो तिला."

बाउके खुर्चीत बसला. तो म्हणाला, "मी गाढव आहे, वहिनी."

"आहेसच. पण बोर्ड वाचलाय. चल, कामाला लाग."

मग मात्र तो सांगितलं तेवढंच करत राहिला. जुना सप्लाय उघडल्यावर आत प्रत्येक वायरीच्या मुळाशी तिचं काम छापलेलं सापडलं. ते बघून रिक्स्त सांगायची आणि बाउके बारीक सुईने नव्या प्लगमधली एकेक पिन सोडवून योग्य छिद्रात बसवायचा. सुईचं काम असल्यामुळे त्याची बोटं सरावाने चालू लागली. शेवटी रिक्स्तने मीटर लावून सगळ्या वायरी दोनदा तपासल्या. चौकोनी सप्लाय आत मावत नव्हता, तो बाउकेने डब्याच्या पाठीवर शिडाच्या मेणदोऱ्याने बांधला, पंख्याचं तोंड मोकळं ठेवून. अशी गाठ गावात दुसऱ्या कुणाला जमली नसती.

या खेपेला रिक्स्तने सांगितल्यावरच त्याने बटण दाबलं. पंखा घुरघुरला आणि पडद्यावर अर्धं कापलेलं शीड उमटलं. बाउकेच्या डोळ्यांत पाणी आलं. शेजारी कधी आली कोण जाणे, हिस्के उभी होती. तिने केकचा डबा उघडून त्याच्यापुढे धरला.

"तुझी वडी राहिली होती," ती म्हणाली.

जूनमधल्या एका सकाळी डाउत्सेन बाबांच्या शिडांच्या दुकानात आली, तर आत चिडीचूप. मशीन बंद, दिवे बंद, पंख्याची घुरघुर नाही. जमिनीवर शीड पसरलेलं आणि एक कड अजून शिवायची राहिलेली.

"बाबा? पुन्हा गेला का तो?"

बाउके खिडकीत बसला होता. भिंतीवरचा खटका त्याने स्वतःच खाली ओढला होता आणि त्याच्यासमोर कॉफीचे दोन कप होते.

"नाही गं. साडेदहा वाजलेत," तो म्हणाला. "बैस."