उणे ऐंशीतली ज्वारी

मित्रांनो, माझे भाऊबंद तुम्ही किराणा दुकानात पाहिले असतील. ते आईस्क्रीम आणि दुधाच्या पिशव्या सांभाळतात. मीही एक फ्रीझरच आहे. आता जुना झालो आहे आणि माझं काम जरा निराळं आहे. घाटनांदूरजवळ विद्यापीठाचं एक छोटं संशोधन उपकेंद्र आहे, त्याच्या मागच्या खोलीत मी उभा असतो. माझ्या पोटात शून्याच्याही खाली ऐंशी अंश थंडी असते. आतला कप्पा उघड्या हाताने धरला तर कातडी चिकटून बसते. बाहेर बीड जिल्ह्याचं मे महिन्यातलं ऊन आणि आत ही थंडी, मध्ये फक्त माझी भिंत. त्यामुळे मी कधी निवांत नसतो. खोलीतला दिवा नुसता मिचमिचला तरी माझ्या काळजात धस्स होतं.

कारखान्यात माझ्या अंगात दोन कॉम्प्रेसर बसवले गेले. एक दुसऱ्याला थंड करतो आणि दुसरा मला. एकाने दम टाकला तर दुसऱ्याचं काही चालत नाही. मला ट्रकमधून इथं आणलं त्या दिवशी नारळ फोडला, माझ्या दाराला हार घातला. पुढे पाहुणे येत, दार उघडायला लावत, पांढरी वाफ बाहेर आली की "वा!" म्हणत. मला मात्र एकच घोर लागलेला असे, की दार कधी लावतील.

मग ते संशोधन संपलं. माझी पिन काढली गेली. माझ्या डोक्यावर रिकामी खोकी चढली, मागे पालींनी संसार थाटला, दाराची रबरी पट्टी कडक होत गेली. मी कोमट झालो. फ्रीझरने कोमट होणं म्हणजे काय, हे तुम्हाला कसं सांगू?

दुष्काळ पडला त्या वर्षी सत्यभामा आली. ती विद्यापीठात जीवशास्त्राचं संशोधन करत होती. तिचे आईवडील दर वर्षी ऊसतोडीला जात, ती आजोळी राहून शिकली होती. तिने माझ्यावरची खोकी उतरवली, पट्टी बदलली आणि पिन लावली. रात्रभर घुमत, धापा टाकत मी सकाळी पुन्हा उणे ऐंशीवर पोचलो. तिने माझ्या दारावर हळूच थाप मारली. एवढी शाबासकी मला हारानेही दिली नव्हती.

सत्यभामाला एका ज्वारीचं कोडं सोडवायचं होतं. साखराबाई नावाच्या बाई माळावरच्या आपल्या रानात सासूपासून चालत आलेली एक गावरान शाळू ज्वारी पेरत. पाऊस नसला की शेजारची ज्वारी करपून जाई, ही मात्र बराच काळ हिरवी राही. कशी? प्रत्येक जिवाच्या पेशीत जनुकं असतात. झाड तहानलं की त्यांतली काही जागी होतात आणि पेशीला निरोप धाडतात, 'पाणी जपा, पान मिटा, मुळं खोल न्या.' हे निरोप फार नाजूक असतात. पान तोडल्यावर थोड्याच वेळात ते विरून जातात. म्हणून सत्यभामा रानातच पान तोडून माझ्याहूनही थंड अशा द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवी आणि तसंच गोठलेलं पुडीत घालून माझ्याकडे आणून ठेवी. मी थंड आहे तोवर निरोप शाबूत. मी तापलो की सगळं पुसलं जाणार.

तो नायट्रोजन तिला गावच्या सहकारी दूध संस्थेतून मिळे. संस्थेत बंकट नावाचा माणूस गाईंच्या कृत्रिम रेतनाचं काम करी. जातिवंत वळूंचं बीज तो नायट्रोजनने भरलेल्या अॅल्युमिनियमच्या कॅनमध्ये विजेवाचून जपत असे.

जसजशी जमीन भेगाळत गेली, तसतशा माझ्या पोटात पुड्या वाढत गेल्या. साखराबाईंच्या शाळूच्या पुड्या आणि ताडून बघायला शेजारच्या रानातल्या ज्वारीच्या पुड्या. मग एक दिवस रानं रिकामी झाली. कणसं भरलीच नव्हती, गुरांना वैरण नव्हती. उभं पीक कापून दावणीला गेलं. आता ती तहानलेली पानं जगात फक्त माझ्याजवळ होती. हे कळलं तेव्हापासून माझी झोप उडाली.

आणि मे महिन्यात गावचं विजेचं रोहित्र जळालं.

सत्यभामा त्या दिवशी बीडला गेली होती. उपकेंद्राचा जनरेटर केव्हाच बंद पडलेला. आत गरम होऊ लागलं की ओरडायला मला एक भोंगा दिलेला आहे. पण वीज दिवसातून कितीदा तरी जायची, दर वेळी मी ओरडायचो, म्हणून पहारेकरी धुळाजींनी वैतागून त्याचं बटण बंद करून ठेवलं होतं. उणे सत्तर झालं, उणे साठ झालं. भिंती आवळून मी गारवा धरून ठेवत होतो आणि माझ्या तोंडून आवाज निघत नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी सत्यभामा आली. माझ्या दारावर पाण्याचे थेंब दिसताच तिचा चेहरा पांढरा पडला.

"धुळाजीमामा, लाईट कधी गेली?"

"काल सकाळी, ताई. येईल आत्ता, आत्ता करत बसलो. कपाटाचं मला काय ठावं?"

ती तशीच दूध संस्थेकडे पळाली. परत आली तेव्हा संस्थेचे सचिव राधाकिशन, कॅन उचललेला बंकट आणि दूध घालणाऱ्या तुळजाबाई असे तिघे तिच्याबरोबर होते. बंकटने कॅनमध्ये मोजपट्टी बुडवून पाहिली आणि मान हलवली.

"नायट्रोजन कमी हाय. भरायची गाडी अजून आली न्हाई. ह्यात तुमच्या पुड्या घातल्या तर अजून लवकर उडंल."

"आणि बीडहून गाडी आलीच न्हाई तर?" तुळजाबाई म्हणाल्या. "तुमची पानं बी जातील आन् आमच्या वळूचं बीज बी."

राधाकिशन म्हणाले, "मावशे, दुष्काळात गाई माजावर कुठं येतात?"

"पाऊस पडल्यावर येतील की! तवा काय करू? गाय गाभण राहिली न्हाई तर दूध कुठून घालू संस्थेला?"

तुळजाबाईंचं म्हणणं खोटं नव्हतं. मला मात्र एकेक क्षण जड जात होता. सगळ्यात वरच्या कप्प्यातलं बर्फ सैल पडत चाललं होतं.

तुळजाबाई सत्यभामाकडे वळल्या. "पोरी, खरं सांग. ह्या पानांवरून पाऊस पडंल का?"

"न्हाई, मावशी."

"मग कावून एवढा जीव काढतीस?"

"कमी पावसात ही ज्वारी कशी तग धरते ते कळंल. ते कळलं तर तसलं बियाणं निवडता येईल. पावसाने दगा दिला तरी थोडा तरी कडबा हाती लागंल. पण मी शब्द देत न्हाई. उत्तर मिळंलच असं न्हाई."

कडबा म्हटल्यावर तुळजाबाई कॅनजवळ सरकल्या. दावणीला बांधलेली त्यांची गाय कित्येक दिवस उसाच्या वाढ्यांवर, नुसत्या शेंड्याच्या पाल्यावर, जगत होती.

"घाल आत," त्या म्हणाल्या. "कडबाच न्हाई तर गाय कुठली राहती? बंकट, बघत काय बसलास, बे! उघड की."

माझं दार उघडलं गेलं. कॅनचं तोंड अरुंद होतं, सगळ्या पुड्या मावणार नव्हत्या. सत्यभामाने जाड हातमोजे घातले. ती भराभर निवडत होती, थोड्या शाळूच्या, थोड्या शेजारच्या. प्रत्येक पुडी उचलताना तिचा हात थबकायचा. कुठली न्यायची, कुठली सोडायची? मला वाटायचं, हीसुद्धा ने, हीसुद्धा. कॅन भरला. निम्म्याहून जास्त पुड्या माझ्याकडेच राहिल्या. तिने दार लावलं आणि क्षणभर त्यावर कपाळ टेकलं.

त्या उरलेल्या पुड्या मी वाचवू शकलो नाही. त्या माझ्या कुशीत मऊ पडत गेल्या आणि त्यांतले निरोप एकेक करून विझले. कॅनचं काय झालं असेल, गाडी आली असेल का, हे सांगायला कुणी नव्हतं. धुळाजी मात्र रोज येऊन ओल्या फडक्याने माझं दार पुसत. एका सकाळी रस्त्यावरून बंकटची हाक ऐकू आली.

"ताई, गाडी आली! तळाला नायट्रोजन अजून हाय! वळूचं बीज बी हाय, पानं बी हायेत!"

सत्यभामाने पुड्या विद्यापीठात नेल्या. वीज आली, पण माझा एक कॉम्प्रेसर तेव्हापासून अडखळतो. पावसाळा आला, तुळजाबाईंची गाय गाभण राहिली, तरी सत्यभामाचा पत्ता नव्हता. दिवाळीच्या सुमारास ती आली, तेव्हा साखराबाईंना हाताला धरून घेऊन आली.

"तुमच्या शाळूची जनुकं लवकर जागी होतात, मावशी," ती सांगत होती. "शेजारच्या ज्वारीचं पान वाळायला लागल्यावर तिला तहान कळते. तुमच्या शाळूला आधीच कळते. अजून पुष्कळ शोधायचं हाय. जी पुडी वितळली, तिच्यात काय होतं ते आता कधीच कळणार न्हाई."

त्या हंगामात साखराबाईंनी राखून ठेवलेलं बियाणं संस्थेतल्या बायकांनी थोडं थोडं वाटून घेतलं आणि पेरलं. सत्यभामा पुन्हा पुड्या आणू लागली. माझा भोंगा चालू झाला आहे, जनरेटर दुरुस्त झाला आहे. तरी दिवा मिचमिचला की अजूनही धस्स होतं.

मित्रांनो, शाळेच्या, दवाखान्याच्या, संस्थेच्या कोपऱ्यात माझ्यासारखं एखादं जुनं यंत्र घुमत उभं असतं. त्याच्या पोटात कुणाची तरी वर्षभराची मेहनत असते, कुणाची लस असते, कुणाचं बी असतं. ते घुमायचं थांबलं तर 'मला काय ठावं' म्हणू नका. कुणाला तरी हाक मारा.

परवा साखराबाई पुन्हा आल्या होत्या. "माझी जवारी बघू दे की एकदा," त्या सत्यभामाला म्हणाल्या. तिने दार उघडलं. पांढरी वाफ त्यांच्या पदरावर उतरली. बर्फाने माखलेल्या इवल्याशा पुड्यांकडे त्यांनी डोळे भरून पाहिलं, हात पुढे केला आणि लगेच मागे घेतला.

"झाक, बाई," त्या घाईने म्हणाल्या. "लवकर झाक. गारवा जातोय."