एका म्हशीचा खुराक

जनावरांच्या डॉक्टरकीचं पुढचं शिक्षण घेणाऱ्या शशिधरला दुधातल्या प्रोटीनवर प्रबंध लिहायचा होता. त्यासाठी २००३ साली गडमुडशिंगीच्या धोंडुबाईच्या गोठ्यात त्याला हव्या तशा दोन म्हशी मिळाल्या. दोघी एका वयाच्या, आठ दिवसांच्या अंतरानं व्यालेल्या. चंद्रीला त्यानं दिलेला खास खुराक घालायचा, मोरीला नेहमीची पेंड. आणि बारा आठवड्यांनी दोघींच्या दुधात काय फरक पडतो ते बघायचं.

"नुसतं खाणं पोटात जाऊन भागत नाही, मावशी," पहिल्या दिवशी त्यानं समजावलं. "विटा आल्या तरी मुकादमानं हाक दिल्याशिवाय गवंडी हात लावत नाहीत. ह्या खुराकानं रक्तातलं इन्सुलिन वाढतं, ते कासेला हाक देतं. मग दुधात प्रोटीन जास्त उतरतं." धोंडुबाईनं मान डोलावली. तिला काय वाटतं, हे विचारायचं काही त्याला सुचलं नाही.

बारा आठवड्यांनी आकडे आले. चंद्री आणि मोरी, दोघींचं प्रोटीन सारखंच. तीन महिन्यांची मेहनत मातीत गेलेली दिसली आणि शशिधरचं डोकं फिरलं. सकाळी दूध सोसायटीच्या दारात, तीसेक माणसांसमोर, तो धोंडुबाईला म्हणाला, "खुराक म्हशीच्या पोटात गेलाच नाही. वाटेतच कुठंतरी विकला गेलाय." बाईनं रिकामी किटली उचलली आणि ती घरी गेली. त्या दिवसापासून तिचं दूध शेजारणीच्या हाती येऊ लागलं.

आठवड्यानं शशिधरनं तेच आकडे पुन्हा काढले, या वेळी सुरुवातीच्या आकड्यांशेजारी ठेवून. चंद्रीचं प्रोटीन वाढलं होतं. मोरीचंही वाढलं होतं, अगदी तेवढंच. नुसत्या पेंडीवर ते एवढं वाढत नसतं. तो इतके दिवस दोघींमधला फरकच शोधत बसला होता. डोळे असून आंधळा, दुसरं काय!

तो तडक गोठ्यात गेला. "मावशी, खुराक दोघींना घातलासा?"

"व्हय की. निम्मा निम्मा." शेण भरता भरता ती म्हणाली. "एका दावणीला एकीनं खायाचं नि दुसरीनं तिच्या तोंडाकडं बघत बसायचं? पंगतीत असला दुजाभाव माझ्या हातनं न्हाय हुत."

"मग त्या दिवशी सांगितलं का नाही?"

"तुमी इचारलंसा कुठं? तुमी चोर म्हणालासा."

धरणीनं पोटात घेतलं तर बरं, असं त्याला झालं. चारचौघांत बोलला होता, तेव्हा चूकही चारचौघांतच कबूल करायला हवी होती. संध्याकाळच्या दुधाला तो सोसायटीच्या दारात उभा राहिला. "धोंडुबाईंनी काही विकलं नाही," तो कसाबसा म्हणाला. "चूक माझी होती."

कुणीच दचकलं नाही. सेक्रेटरी बाळासो माप ओतता ओतता म्हणाले, "ठावं हाय की आमास्नी. शेजारी ऱ्हातो आमी. दोन्ही म्हशींम्होरं घमेली रोज दिसत हुती. त्याच वक्ताला तुमास्नी सांगणार हुतो."

"मग?"

"बाईनंच हातानं खूण करून गप बसवलं. मागनं म्हनली, शिकलेलं पोरगं हाय, एवढ्या माणसांत त्याचं तोंड उतरंल."

शशिधरनं मान खाली घातली. रांग पुढं सरकत राहिली. त्याला लाज वाटू नये म्हणून सगळे आपापल्या किटलीत बघत होते, आणि तेच त्याला सोसवेना.