तू चालू दे, फक्त सांग

त्या घरातली माणसं वाईट नव्हती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. वाईट असती तर त्यांच्याशी निदान कडाकडा भांडता तरी आलं असतं. त्यांची समजूत एवढीच होती, की व्यायाम करणाऱ्या बाईला थांबवलं नाही म्हणजे तिला त्रास दिला नाही. त्यामुळे मागच्या खोलीचं दार हळूच उघडायचं, एक डोकं आत यायचं आणि म्हणायचं, "तू चालू दे हं, थांबू नकोस. फक्त सांग, मिक्सरचं झाकण कुठंय?"

ती चालू द्यायची आणि चालू देता देता सांगायची.

आता हे वल्हवायचं यंत्र म्हणजे काय, ते ज्यानं ओढलंय त्यालाच ठाऊक. एक लांब पट्टी, तिच्यावर पुढेमागे सरकणारी सीट, समोर पंख्याचं चाक आणि चाकातून निघालेल्या साखळीला एक दांडा. पाय रेटून दांडा पोटापर्यंत ओढायचा, सोडायचा, पुन्हा ओढायचा. सावकाश केलं तर गप्पा मारत करता येतं. जोर लावून केलं तर तिसऱ्या मिनिटाला छातीत हवा पुरेनाशी होते, मांड्या पेटतात, आणि एक शब्द बोलायचा तर एक श्वास मोडावा लागतो. मोडलेला श्वास जागेवर यायला सात-आठ ओढी जातात. स्क्रीनवरचा वेग तोवर घसरलेला असतो. 'खालच्या खणात' एवढं सांगण्यात तिचं जे जायचं, ते कमवायला तिला अख्खा आठवडा लागलेला असायचा.

सासूबाई त्या यंत्राला होडकं म्हणत. "बसली का गं ती होडक्यात?" असं नातीला विचारत, आणि बसली असं कळलं की मगच त्यांना सगळं आठवायला लागे. यात त्यांचा दोष नव्हता. दिवसभर सून चष्म्याच्या दुकानात लोकांच्या डोळ्यांसमोर काचा बदलत 'आता दिसतंय, की आधी दिसत होतं?' विचारत उभी. घरी आली की कधी ओट्याशी, कधी बाल्कनीत, कधी खाली कचरा टाकायला. यंत्राचा घरघराट सुरू झाला, की ती एका जागी आहे, बसलेली आहे आणि पुढचा अर्धा तास कुठं जाणार नाही, याची घराला खात्री पटायची. बाकीच्या वेळी तिला शोधावं लागायचं.

खरी चूक तिचीच होती. यंत्र कशासाठी घेतलं हे तिनं घरी खरं सांगितलंच नव्हतं.

लग्नाआधी ती वल्हवायची. तळ्याकाठच्या क्लबात चौघींची नाव होती, तिच्यात तिसऱ्या जागेवर ती. मग लग्न झालं, लेक झाली, नवऱ्याची बदली झाली आणि तळं राहिलं एका दिवसाच्या प्रवासावर. या थंडीत त्या नावेची जुनी कॅप्टन अचानक फोनवर आली. चाळिशीपुढच्या बायकांची शर्यत आहे, आपल्या तिघी तयार आहेत, तुझी तिसरी जागा तेवढी रिकामी आहे. "पण आकडा द्यावा लागेल गं," कॅप्टन म्हणाली. "दोन हजार मीटर, आठ मिनिटांच्या आत, मध्ये न थांबता, फोनचा कॅमेरा लावून. एक दातांची डॉक्टर आहे इथं, तिनं आकडा देऊन ठेवलाय. तू नाही दिलास तर मला तिला घ्यावं लागेल. माझं कोणी ऐकणार नाही."

ती जागा तिला हवी होती. इतकी हवी होती, की दुकानात गिऱ्हाईकाच्या नाकावर चष्म्याची चौकट बसवताना तिचे पाय जमिनीला आपोआप रेटा द्यायचे. गेल्या कित्येक वर्षांत तिला जे जे हवं झालं होतं ते लेकीच्या शाळेसाठी, घराच्या गळणाऱ्या भिंतीसाठी, सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी. नुसतं स्वतःसाठी काही हवंय असं म्हणायची सवयच मोडली होती, आणि म्हणायला गेलं तर लाज वाटत होती. म्हणून यंत्र घरात आलं तेव्हा ती म्हणाली, "वजन उतरवायचंय जरा."

वजन काय, आज नाही तर उद्या उतरेल. त्यासाठी कोण दारात पाय अडवून धरणार?

तिनं उपाय पुष्कळ केले. जवळच्या जिममध्ये जाऊन आली, तर तिथलं यंत्र साखळी तुटलेलं, लोक त्यावर टॉवेल वाळत घालायचे. दारावर 'आत येऊ नये' अशी पाटी लावली. ती पाटी वाचून नवरा आत आला आणि म्हणाला, "ही पाटी आईला दिसणार नाही, अक्षर मोठं काढ." कानात कापसाचे बोळे घातले, तर लेकीनं मागून खांद्यावर थाप मारली आणि तिचा जीव घशात आला. शेवटी तिनं व्यायामाआधी प्रश्नोत्तरांचा तास ठेवला. हॉलमध्ये उभी राहून म्हणायची, "काय विचारायचंय ते आत्ता विचारा." तिघंही एकमेकांकडे बघायचे. कोणाला काही विचारायचं नसायचं. नवरा तर म्हणायचा, "तू जा गं निवांत, आम्ही काय कुक्कुली बाळं आहोत?"

आणि पाचव्या मिनिटाला बाळ दारात. "चालू दे, चालू दे. फक्त मान हलव. गॅसवाल्याला उद्या बोलावू की परवा?"

मान हलवून उद्या आणि परवा यातलं एक कसं निवडायचं, हे त्या शहाण्यालाच माहीत.

पहिल्यांदा आकडा द्यायला बसली तो रविवार असाच गेला. तेराशे मीटरपर्यंत ती आठ मिनिटांच्या हिशेबानं पुढे होती. मग सासूबाई आल्या. त्यांना काहीच नको होतं. कढत पाण्याची पिशवी मांडीवर घेऊन त्या तिथल्या स्टुलावर टेकल्या आणि कौतुकानं म्हणाल्या, "केवढा घाम आलाय गं. पंखा लावू का?" ती काही बोलली नाही. "लावू का?" ती बोलली नाही. "अगं, लावू का म्हणते मी!" मग त्यांनी लावला. पंख्याच्या झोतानं समोरच्या घडीच्या शिडीवर टेकवलेला फोन पालथा पडला आणि चित्रीकरण गेलं. तिनं दांडा सोडून दिला. साखळी सणकन आत गेली.

मग ती जे ओरडली ते जिन्यापर्यंत ऐकू गेलं. मला पाच मिनिटं या घरात माझी म्हणून मिळत नाहीत, असं काहीसं. सासूबाईंचे डोळे भरले. लेक "आजीला का ओरडलीस?" म्हणून फुरंगटली. नवरा हॉलमधून उठून आला.

"एवढं काय झालं? पंखाच लावला ना तिनं?"

"तू फोनवर असतोस तेव्हा कोणी पंखा लावायला येतं का रे?"

"ते ऑफिसचं काम असतं."

"दार लावलंस की सगळं घर चवड्यांवर चालतं. मी स्वतः कुकरची शिट्टी काढून ठेवते. कधी विचारलं मी, की थांबू नकोस, फक्त सांग, दूध कुठल्या डेअरीचं आणू?"

"अगं, पण माझं काम आणि तुझं हे वजन…"

तेव्हा तिनं सांगितलं. तळं, चौघी, तिसरी जागा, दातांची डॉक्टर, सगळं. सांगताना आवाज कापत होता आणि त्याचाच तिला राग येत होता. नवऱ्यानं पालथा पडलेला फोन उचलून तिच्या हातात दिला. मग म्हणाला, "हे आधी नाही का सांगायचं? आम्हाला काय स्वप्न पडतं?" यात तो खरा होता, म्हणूनच ते तिला फार झोंबलं.

कॅप्टनला तिनं फोन करून सांगितलं, की घरच्यांनी मध्येच घोळ घातला. कॅप्टन हसली नाही. "पुढचा रविवार देते," म्हणाली. "त्याच्या पुढे मला ताणता येणार नाही गं. ती डॉक्टर रोज विचारते."

त्या आठवड्यात घर एकदम शहाणं झालं, इतकं की अवघडल्यासारखं व्हावं. लेकीनं मैत्रिणींना येऊ नका म्हणून कळवलं. सासूबाई तिच्याशी जरा कमीच बोलत होत्या, पण बोलत होत्या. रविवारी सकाळी नवऱ्यानं दारावरची घंटा बंद केली, खुर्ची उचलून मागच्या खोलीच्या बाहेर ठेवली आणि पेपर घेऊन तिथंच बसला. "आज माशी आत जाणार नाही," म्हणाला. तिला भरून आलं. या माणसावर आपण उगाच आग पाखडली, असंसुद्धा वाटलं.

दार लागलं. तिनं पायांचे पट्टे आवळले, फोन दोन पुस्तकांमध्ये घट्ट बसवला आणि सुरुवात केली.

पाचशे मीटर कसे गेले कळलंच नाही. हजारावर ती दोन सेकंद पुढे होती. बाहेर शांतता होती. अशी शांतता तिनं त्या घरात कधी ऐकली नव्हती. पाय, पाठ, हात. हात, पाठ, पाय. छाती फुटायला आली होती आणि तरी कुठंतरी आत ती सुखात होती. बाराशे. तेराशे.

तेराशेच्या पुढे तिला बाहेर काहीतरी सरकल्याचं ऐकू आलं. यंत्र घरघरत असतानाही ऐकू आलं, कारण स्वयंपाकघरातला प्रत्येक ड्रॉवर तिला आवाजावरून ओळखता यायचा. हा चमच्यांचा. कोणीतरी तो अगदी हळू उघडून हळू बंद करत होतं. मग त्याच्या खालचा.

"काय शोधतेयस?" नवऱ्याचा दबका आवाज.

"माझे डोळ्यांचे थेंब." सासूबाईंना कमी ऐकू यायचं, त्यामुळे त्यांचं कुजबुजणंही पार रस्त्यापर्यंत जायचं. "वेळ झाली थेंबांची. सापडत नाहीयेत."

"मग थांब दहा मिनिटं. तिला विचारायचं नाही."

"मी कुठं विचारतेय? मी आपली शोधतेय."

"आजी, मी बघते," लेक कुजबुजली. मग औषधांच्या डब्याचं झाकण. मग बाथरूमच्या आरशामागचं कपाट, त्याची बिजागरी कुरकुरते. थेंब तिथं नव्हते. ते फ्रिजच्या दारात होते, अंड्यांच्या मागे. उन्हाळा लागला म्हणून परवाच तिनं तिथं ठेवले होते.

पंधराशे. ती एका सेकंदानं पुढे होती. पाय, पाठ, हात. त्यांना सापडतील. नाही सापडले तर दहा मिनिटांनी काही बिघडत नाही. दुकानात ती स्वतः लोकांना सांगते, की थेंबांना थोडं इकडंतिकडं झालं तर चालतं. आता शिवणाच्या टेबलाचा खण. तिथं कशाला असतील थेंब शिवणाच्या टेबलात? सोळाशे. आता लेक स्टुलावर चढली होती, माळ्याचं दार उघडलं होतं. माळ्यावर! तिघं मिळून तिला त्रास होऊ नये म्हणून चवड्यांवर चालत चुकीच्या जागी शोधत होते. एकेक खण उघडत होता आणि प्रत्येक खणाबरोबर तिच्या डोक्यात ते वाक्य जिभेपर्यंत येऊन परत जात होतं. साडेसतराशे.

"नाही मिळत," सासूबाई म्हणाल्या. "जाऊ दे. राहू दे. थांबते मी."

"फ्रिजच्या दारात!" ती ओरडली. "अंड्यांच्या मागे!"

श्वास मोडला. पुढची ओढ रिकामी गेली, त्याच्या पुढची अर्धी. ती जीव खाऊन ओढायला लागली. डोळ्यांपुढे काजवे चमकले, तोंडातून कसलेतरी आवाज निघाले, शेवटच्या शंभर मीटरांत तिला स्क्रीन दिसतही नव्हता. मग चाक आपोआप मंदावत गेलं. तिनं कपाळावरचा घाम पुसून आकडा वाचला. आठ मिनिटं आणि एक सेकंद.

बाहेर फ्रिजचं दार उघडलं. "सापडले!" लेक म्हणाली. "हे बघ, अंड्यांच्या मागे."

थोड्या वेळानं नवऱ्यानं दारावर टकटक केली. जन्मात पहिल्यांदा टकटक केली. आत येऊन त्यानं तिच्या हातात पाण्याचा पेला दिला. चेहरा असा खुलला होता, की जणू शर्यत त्यानंच जिंकली. "बघ," तो म्हणाला, "आज एकालाही आत येऊ दिलं नाही. झालं ना?"

रागवायला समोर कोणीच नव्हतं. कोणी दार उघडलं नव्हतं, कोणी विचारलं नव्हतं. उलट विचारायचं नाही असं बजावताना तिनंच ऐकलं होतं. ती पाणी प्यायली.

"झालं," ती म्हणाली.

तो खूश होऊन बाहेर गेला आणि आईला सांगायला लागला. कॅप्टनचा फोन आला तेव्हा ती अजून सीटवरच होती, पट्टे पायांना तसेच. तिनं आकडा सांगितला.

"एका सेकंदानं गं," कॅप्टन कळवळून म्हणाली. "परत घरच्यांनी मध्ये घोळ घातला का? तसं असेल तर सांग. मी बोलून बघते त्यांच्याशी, अजून एकदा."

"नाही," ती म्हणाली. "आज कोणी आलं नाही."