मी, हॅटमेकरांच्या घराखालचा पाइप

मी एक जुना, राखाडी प्लास्टिकचा पाण्याचा पाइप आहे. अमेरिकेतल्या टेनेसी राज्याच्या डोंगराळ भागात, वर्लीन आणि डॉइल हॅटमेकर या नवराबायकोच्या घराखाली मी बत्तीस वर्षं राबलो.

मित्रांनो, हे घर कारखान्यात तयार झालं आणि ट्रकमागे ओढत चाकांवर इथे आलं. भिंती उभ्या राहण्याआधीच मला जमिनीच्या फळ्यांखाली ओवलं होतं. माझ्याखाली ऊब धरणारा कापसासारखा थर होता आणि त्याखाली घरभर ताणलेलं काळं प्लास्टिकचं कापड.

तेव्हा माझं फार कौतुक झालं. हा गंजत नाही, थंडीत सहसा फुटत नाही, असं कामगार म्हणायचे. ते खोटं नव्हतं. पण पाण्यात जंतू मारायला क्लोरीन घालतात, त्याने माझी आतली बाजू हळूहळू कडक केली. तिथे केसासारखे तडे पडले. बाहेरून मात्र मी होतो तसाच दिसायचो.

पहिल्यांदा मी सिंकखाली गळलो. शेजारचा ओडेल लगेच आला. त्या वस्तीत शेजारी हाताशी असताना प्लंबर बोलावला, तर शेजाऱ्याला ते फार लागतं. ओडेलने घराखाली सरपटत जाऊन माझा तडकलेला तुकडा कापला आणि नवा जोडला.

"किती टिकेल रे हा?" डॉइलने वरून विचारलं.

"तुझ्यापेक्षा जास्त!"

"मग काही खरं नाही!"

दोघं हसले. ओडेलने मुख्य नळ एका झटक्यात उघडला. अडवलेल्या पाण्याचा धक्का माझ्या अंगातून धावला आणि माझी पुढची कमजोर जागा उकलली. त्याला ते कळलं नाही. असं पाच वेळा झालं. एक जागा बुजवताना तो दुसरी उघडत होता आणि वर्लीन दर वेळी त्याच्या हातात गरम मक्याच्या पावाचा तवा ठेवत होती.

सहावा तडा न्हाणीघराच्या वाटेवर गेला. तो बारीक होता. पाणी खाली टपकलंच नाही; काळ्या कापडाने ते पखालीसारखं पोटात धरून ठेवलं. ओला कापूस फळ्यांना चिकटला. भुशाच्या दाबलेल्या त्या फळ्या फुगू लागल्या.

त्याच वसंतात डॉइल पडला होता आणि त्याच्या मोडलेल्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. तो वॉकर धरून चालायचा. पुन्हा पडलास तर घरी राहणं विसर, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. वॉकरचे चार पाय रोज नेमके माझ्या त्या तड्याच्या वर पडायचे.

"वर्लीन, इथली जमीन दबतेय गं."

"पोट कमी कर, म्हणजे नाही दबणार!"

ती बोलली खरी, पण मग स्वतः त्या जागी उभी राहिली, तर तिच्या पायाखालीही फळी दबली. ओडेलची पाठ धरली होती. त्याला बोलावून पुन्हा घराखाली पाठवणं तिच्या जिवावर आलं आणि परका माणूस आणला तर तो दुखावणार. तिने त्या जागेवर एक प्लायवूड टाकलं, वर गालिचा पसरला.

मित्रांनो, मला सगळं कळत होतं. पण पाइपाला सांगायची एकच रीत असते, गळायची. आणि माझं गळणंही कुणाला दिसत नव्हतं.

एका सकाळी वॉकरचा पाय प्लायवूडच्या कडेला पडला आणि फळीतून आरपार गेला. डॉइल पडला. त्याचा खुबा पुन्हा मोडला.

दुपारी ओडेल दुखऱ्या पाठीने घराखाली शिरला. त्याने काळं कापड चिरलं आणि कोंडलेलं पाणी त्याच्या अंगावर कोसळलं. चिखलात बसूनच तो म्हणाला, "वर्लीनबाई, हे माझ्यामुळे झालं का हो?"

वर्लीन फळीतल्या भोकापाशी वाकली. मग म्हणाली, "तू बोलावल्यावर आलास, ओडेल. अख्खा पाइप बदलायला हवा का, हे मी तुला कधी विचारलंच नाही."

त्या शनिवारी चर्चमधले चौघं आले. त्यांनी मला सबंध ओढून काढलं, नवे पाइप ओवले, नव्या फळ्या ठोकल्या. ओडेलने माझा एक तुकडा वाकवून पाहिला. तो वाळक्या काटकीसारखा मोडला. या वेळी मुख्य नळ त्याने अगदी हळू उघडला.

आता घरात जमीन पक्की आहे, पण तिच्यावरून वर्लीन एकटीच चालते. डॉक्टरांनी बजावलं होतं तसंच झालं; डॉइल शुश्रूषागृहात आहे. तो फोनवर विचारतो, "घरी कधी नेतेस?" ती म्हणते, "जमीन तयार आहे रे."

मित्रांनो, एक गळती बुजवलीत की तेवढ्यावर थांबू नका. उरलेल्या पाइपाचंही वय विचारा. आणि पायाखालची जमीन दबतेय असं कुणी म्हणालं, तर थट्टा करू नका. त्याच दिवशी खाली वाकून बघा.