राणीच्या पोटातली करणी

अमावस्येला गीताबाईच्या अंगणात निम्मं संतपूर जमलं होतं. मधी घोंगडीवर तिची म्हातारी मांजर राणी पडलेली. पांढरीशुभ्र, पण आता नुसती हाडं. कैक महिने खाल्लेलं उलटायची, न्हाईतर खालून पाणी.

बंडेप्पा भगत पोटाला तोंड लावून करणी चोखून काढायचा. मागच्या अमावस्येला त्यानं राणीच्या पोटातून काळ्या केसांचा गोळा थुंकून दाखवला होता.

"मांजर पांढरी, मग केस काळे कसे?" कुणीतरी विचारलं होतं.

"करणी काळीच असती!" बंडेप्पा गुरकावला होता. "आता अन्न बंद. नुसतं दूध न् अंगारा."

गोळा त्याच्या गालातून आलेला शेजारच्या चेष्टेखोर हरिबानं तवाच बघितला होता. पण पाच माणसांत बोलून काय मजा? गाव जमू दे, म्हणून गडी महिनाभर गप्प.

आज बंडेप्पा गाल फुगवूनच आला. हरिबानं भलामोठा लाडू पुढं केला. "महाराज, मैलार मल्लण्णाचा प्रसाद!"

बंडेप्पानं नुसती मान हलवली.

"भगत असून प्रसाद नको म्हणायलाव?"

"खा की अप्पा!" बाया ओरडल्या.

प्रसादाला न्हाई कसं म्हणणार? लाडू आत गेला. लाडवात मूठभर लवंगी मिरची होती. बंडेप्पाचे डोळे लाल, नाक गळायलंय, अन् फुर्रर! आधी लाडू, मागून केसांचा गोळा.

"राणीला तर अजून हात बी लावला न्हाई!" हरिबा टाळ्या पिटायला लागला. "करणी तुमच्याच पोटात व्हय, महाराज? चोखून देऊ? अन् लाडू माझ्याच चुलीवरचा बरं का!"

बंडेप्पानं बैलाच्या हौदात तोंड खुपसलं. गाव लोळून हसलं.

गीताबाई राणीला घेऊन जनावरांच्या डॉक्टरीणबाईकडं धावली. मैत्रेयी डॉक्टरांनी पोट चाचपलं. "आतड्याला जुनी सूज दिसतीय. म्हातारपणी येती अशी. पुरती जात न्हाई, पण रोजची गोळी न् थोडं थोडं उकडलेलं चिकन दिलं, तर सांभाळता येती. दूध तिला पचतच नव्हतं, मावशी. त्यात उपास. महिनाभर आधी आणायचं होतं."

राणी दुसऱ्या दिवशी गेली.

हरिबा लाडवाची गोष्ट सांगतच दारात आला. गीताबाईपुढं चिकनची वाटी तशीच होती.

"तुला कधी कळलं रे?"

"मागच्याच अमावस्येला, अक्का!"

"मग तवाच कामून बोलला न्हाईस?"

हरिबाचं हसू ओठांवरच वाळलं.

"करणी नसती, आजाराला डॉक्टर लागतो, हे मला आत्ता कुठं कळलं," गीताबाई म्हणाली. "मी अडाणी. तुला तर कळत होतं. ज्याला कळतं, त्यानं जीव हाय तवर बोलावं."