उभ्या-उभ्या तडकलो

मी टायर बोलतोय. रस्त्याकडेला पडलेला, पोटात पावसाचं पाणी साठलेला कुठला तरी टायर नव्हे. वेगवान गाडीसाठी मुद्दाम घडवलेला, रुंद छातीचा, मऊ रबराचा टायर. घडवणाऱ्यांनी रूप दिलं, पकड दिली, आणि सोबत एक खोडही दिली. दुसऱ्याचं बरं चाललेलं मला बघवत नाही. माझी सगळी हकीकत या एका खोडीभोवतीच फिरते, म्हणून आधीच सांगून टाकतो.

कारखान्यात तापलेल्या साच्यातून मी बाहेर पडलो तेव्हा अंगावर रबराचे बारीक केस होते. कुशीवर माझ्या जन्माचा आठवडा आणि साल कोरलेलं होतं. तिथून मी आलो टायरवाल्याच्या दुकानात. माझ्या बाजूच्या फळीवर साधे टायर बसलेले. जाड कातडीचे, बुटके, ऊन-पाऊस-चिखल सगळं चालवून घेणारे. गिऱ्हाईक आलं की हात त्यांच्याकडेच जायचा. आज एक गेला, उद्या दोन गेले. मी आपला देखणा, वरच्या फळीवर, धूळ खात. तेव्हाच पोटात दुखायला सुरुवात झाली.

मग एके दिवशी माझे धनी आले. चष्म्याचं दुकान होतं त्यांचं. स्वतःच्या नाकावरही जाड काचांचा चष्मा. नुकतीच त्यांनी एक जुनी, लाल, दोन माणसांची गाडी घेतली होती आणि तिला शोभतील असे टायर हवे होते.

"रोज चालवणार का?" टायरवाल्याने विचारलं.

"छे, सुट्टीच्या दिवशी. घाटात न्यायची. वळणावर रस्त्याला कशी चिकटून राहिली पाहिजे!"

"आणि पावसात, थंडीत?"

"तेव्हा बघू."

टायरवाल्याने साध्यांपैकी एकावर थाप मारली. "मग साहेब, हा घ्या. वळणावर थोडं कमी, पण बाकी सगळीकडे साथ देतो. आवाज नाही, कुरकुर नाही."

माझा जीव खालीवर झाला. पण धन्यांची नजर वर गेली ती माझ्यावरच थांबली. त्यांनी मला खाली काढायला लावलं, छातीवरच्या खाचांतून बोट फिरवलं. नवं बाळ बघतात ना, तसं बघितलं.

"हा."

"घ्या, पण एक सांगतो. याला फिरवावं लागतं. ठेवून द्यायची वस्तू नाही ही."

"ठेवायला थोडाच घेतोय!" धनी हसले.

फळीवरच्या त्या बुटक्याकडे मी एकदा बघून घेतलं. आयुष्यात एवढं सुख पुन्हा मिळालं नाही.

माझे तीन भाऊही सोबत निघाले. पुढची उजवी बाजू माझी झाली. पहिल्या सुट्टीला आम्ही घाटात गेलो. वळण आलं, धन्यांनी स्टिअरिंग फिरवलं, आणि मी रस्ता असा धरला, असा धरला, की धनी एकटेच मोठ्याने ओरडले, "वा रे पठ्ठे!" त्या एका शब्दावर मी पुढची किती वर्षं काढली असती.

काढावीच लागली. नव्याचे नऊ दिवस. चष्म्याच्या दुकानाची दुसरी शाखा निघाली, धन्यांच्या सुट्ट्या हिशेब तपासण्यात जाऊ लागल्या. लाल गाडी गॅरेजात उभी राहिली ती राहिलीच.

गॅरेजात आमच्या शेजारी बाईंची करड्या रंगाची गाडी असायची. बाई म्हणजे धन्यांच्या पत्नी. नर्स होत्या. अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या घरी जाऊन त्यांच्या जखमा बांधायच्या, सुया द्यायच्या. दिवसातून चार-पाच घरं तरी व्हायची. आणि त्या गाडीला कोण? तेच, जाड कातडीचे, बुटके! नाव ना रूप. पण सकाळी निघायचे ते संध्याकाळी दमून यायचे. अंगाला कधी ओली माती, कधी सुकलेलं गवत. एकदा तर त्यांच्यातल्या एकाच्या खाचेत लहानसा खडा अडकून आला. कुठल्या गल्लीतला, कुणाच्या दारातला, देव जाणे. मला त्या खड्याचासुद्धा हेवा वाटला. माझ्या खाचांत काय होतं? कोळ्याचं जाळं.

बाई रोज निघण्यापूर्वी त्या बुटक्यांभोवती एक फेरी मारत. वाकून बघत, हवा कमी वाटली तर भरून घेत. "चला रे बाबांनो, म्हातारी वाट बघतेय," असं काहीतरी पुटपुटत. बाबांनो! माझ्याशी असं कुणी बोललं असतं तर मी एका चाकावर जग फिरून आलो असतो.

धन्यांचं प्रेम नव्हतं असं नाही. रविवारी सकाळी ते हातात फडकं आणि चकाकी आणणाऱ्या पाण्याची बाटली घेऊन यायचे आणि आम्हाला तासभर पुसायचे. काळाकुळकुळीत, ओला दिसेपर्यंत. मला वाटायचं, लाड होतायत. पण रबराचा एक धर्म असतो. आमच्या अंगात मेणासारखं एक द्रव्य मिसळलेलं असतं. चाक फिरलं, अंग दबलं-सुटलं, की ते हळूहळू वर येतं आणि कातडीला जपतं. मी फिरत नव्हतो, म्हणून ते वर येत नव्हतं. जे थोडं यायचं, ते त्या चकाकीच्या पाण्यासोबत फडक्यावर जायचं. वर माझ्याच बाजूला खिडकी. दुपारचं ऊन रोज कुशीवर. हवा कमी होत गेली, गाडीचं सगळं वजन एकाच जागी बसलं.

आणि एका दुपारी मी तडकलो. केसाएवढी रेघ. मग तिच्या शेजारी दुसरी. माझा जोडीदार, पुढचा डावा, सावलीत होता. त्याची कातडी अजून बरीच सपाट. सख्खा भाऊ, एकाच साच्यातला, पण खरं सांगतो, मला तोसुद्धा डोळ्यांसमोर नकोसा झाला.

धन्यांना एकच लेक. तिची बडबड कधी थांबत नसे म्हणून घरात तिला टिटवी म्हणत. टिटवीला गाडी चालवायचं लायसन मिळालं तेव्हा धनी तिला म्हणाले, "या सुट्टीला लाल गाडी काढू. घाटात तू चालवायची, मी शेजारी बसणार."

ऐकून मी कोरा करकरीत झालो. शेजारच्या बुटक्यांना म्हटलं, बघत बसा आता.

सुट्टीची सकाळ उजाडली. धन्यांनी आमच्यात हवा भरली. टिटवी किल्ली बोटाभोवती फिरवत गाडीला प्रदक्षिणा घालत होती. तेवढ्यात बाई एका पेशंटकडून परतल्या. स्वतःची गाडी लावली, उतरल्या, आणि सवयीने आमच्याकडेही वाकल्या.

"अहो, इकडे या जरा."

"काय झालं?"

"चाकाला भेगा पडल्यात."

"अगं, वरवरच्या आहेत. रबर आहे, सुकतं थोडं."

"थोडं? माझं नख आत जातंय."

"तू खाचा बघ ना! नव्यासारख्या आहेत, जराही झिजल्या नाहीत."

"झिजतील कशा? गाडी हलली कुठं?" बाई माझ्या कुशीवरचं साल वाचत म्हणाल्या, "वय काही फार नाही याचं. पण कातडी बघा, ऐंशीच्या म्हाताऱ्यासारखी झालीय."

धन्यांचा आवाज चढला. "तुला ही गाडी पहिल्या दिवसापासून खुपते. आज पोरीचा एवढा आनंदाचा दिवस, तर आजच—"

टिटवीचं बोट थांबलं.

"खुपते," बाई म्हणाल्या. "खोटं कशाला बोलू? रविवारी तासभर तुम्ही हिची चाकं पुसता. माझ्याशेजारी चहा संपेपर्यंतही बसत नाही. सवत आहे ती माझी. जळते मी तिच्यावर. पण आज तिच्यात माझी पोर बसणार आहे. स्टिअरिंग फिरवा पूर्ण, आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघा."

इतक्या दिवसांत मला पहिल्यांदाच कुणीतरी आपल्या जातीचं भेटलं होतं. पण त्या क्षणी मला त्यांचा रागच आला. मला घाटात जायचं होतं.

धन्यांनी स्टिअरिंग फिरवलं. मी बाहेर वळलो, कुशीला ताण पडला. सगळा जीव एकवटून मी भेगा मिटून धरल्या, पण रबर कुणाचं ऐकतं? धनी गुडघ्यावर बसले. चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा लावला. मोठ्या भेगेत, अगदी आत, माझ्या हाडासारखा असलेला दोरा दिसत होता.

ते उठले. मग टिटवीपुढे हात केला.

"किल्ली दे, बाळा."

"बाबा, म्हणजे जायचं नाही?"

धन्यांनी बाईंकडे बघितलं. बाईंनी आपल्या पर्समधून करड्या गाडीची किल्ली काढली आणि लेकीच्या हातात ठेवली. "जायचं. मी मागे बसते. आणि हो, वळणावर किंचाळणार, आधीच सांगते."

गेले तिघं. माझ्या घाटात, माझ्या वळणांवर, ते बुटके गेले! मी दिवसभर बंद दाराकडे बघत बसलो. जळफळाट म्हणजे काय ते तेव्हा कळलं. संध्याकाळी आले तेव्हा ते बुटके अजून कोमट होते, आणि गाडीतली तिन्ही माणसं एकमेकांचं बोलणं तोडत हसत होती. ते बुटके मला काही बोलले नाहीत. एखादा टोमणा मारला असता तरी बरं वाटलं असतं.

दुसऱ्याच आठवड्यात गाडी टायरवाल्याकडे गेली. या वेळी बाई सोबत होत्या. टायरवाल्याने तेच प्रश्न विचारले आणि धन्यांनी प्रत्येकाचं उत्तर नीट दिलं. कधी चालवणार, कुठं, पावसात का, उभी किती दिवस राहील. मग चौघे नवे आले. माझ्यासारखे देखणे नाहीत, त्या बुटक्यांसारखे ओबडधोबडही नाहीत. मधले. आमची जागा त्यांना मिळाली, आयत्या पिठावर रेघोट्या ओढायला! लाल गाडी निघाली तेव्हा शेजारच्या आसनावर बाई होत्या. बाईंना त्या जागी मी पहिल्यांदाच बघितलं. धनी काहीतरी म्हणाले आणि बाईंनी त्यांच्या दंडावर चापट मारली. माझ्याकडे दोघांपैकी कुणी वळून बघितलं नाही.

आता मी एका सराव-मैदानावर आहे. वेगात गाडी सांभाळायला शिकवतात तिथं. वळणाच्या टोकाला जुन्या टायरांची भिंत रचलीय, तिच्यात खालच्या रांगेत मी. दिवसभर नाकासमोरून गाड्या जातात, सगळ्यांना मऊ, रुंद, तरुण टायर. शिक्षा कुणी योजून दिली असती तरी एवढी नेमकी जमली नसती.

तुम्हाला एक विनवणी आहे. टायर घ्यायला जाल तेव्हा सगळ्यात भारी कोणता असं विचारू नका. आपण कसे आहोत, गाडी किती आणि कुठं फिरणार, ते आधी सांगा. आणि माझ्यासारखा घेतलाच, तर त्याला उन्हात उभा करून चकाकी लावू नका. फिरवा हो त्याला! आणि अधूनमधून वाकून त्याची कूस बघा.

परवा मैदान ओलं होतं. शिकायला आलेल्या एका बाईंची गाडी वळणावर सटकली, गर्रकन फिरली आणि धाडकन आमच्यावर आली. काय दणका होता! मी चेपलो, भेगा आणखी उघडल्या, पण मागे हटलो नाही. शिकवणारा धावत आला. "लागलं का कुठं?"

त्या बाई उतरल्या. त्यांनी आधाराला हात टेकला, तो नेमका माझ्यावर. हात थंडगार पडला होता. तो उबदार होईपर्यंत त्या तशाच उभ्या राहिल्या.

"नाही लागलं," त्या म्हणाल्या. "पुन्हा जाऊ?"

पुन्हा गेल्या. या वेळी त्यांच्या टायरांनी वळण अचूक धरलं आणि माझ्या नाकावर टिच्चून निघून गेले. जळलो मी. अजूनही जळतो, आता या वयात स्वभाव काय बदलणार? पण संध्याकाळी त्या बाई स्वतःच्या पायांनी चालत फाटकाबाहेर गेल्या, ते मी पार दिसेनाशा होईपर्यंत बघत होतो.

बरं, थांबतो आता. वळणावर कुणीतरी येतंय.